शून्याच्या जागी एक

दुकानदाराने एक पट्टी दाबली आणि मास्तरांची सनई वाजली.

मास्तर माझ्या शेजारीच उभे होते. क्लॅरिनेटच्या पत्त्या, म्हणजे फुंकायच्या रीड, घ्यायला आम्ही गडहिंग्लजहून कोल्हापूरला आलो होतो, आणि आमच्याशी बोलता बोलता दुकानदार दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला नवी सीडी दाखवत होता. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीची, वर 'अस्सल देशी टोन' असं छापलेलं. कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडायचा, सीडी घालायची, की सनई, संबळ, तुतारी सगळं हजर.

"सनई ऐका, सनई," असं म्हणत त्याने पुन्हा पट्टी दाबली.

लागण्याआधी तो सूर किंचित खालून वर चढला. खऱ्या सनईत ओठ पत्तीवर घट्ट होताना तसंच होतं. ते चढणं नेमकं बसवायला मास्तरांनी माझ्या डोळ्यांदेखत दोन महिने घालवले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. मान थोडी कलती करून ते ऐकत होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"बरा हाय," ते म्हणाले, आणि पत्त्यांची डबी खिशात घालून चहा प्यायला बाहेर गेले.

माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथंच. संशय हा मुळात माझ्या अंगचाच गुण. घराला कुलूप लावून दहा पावलं गेलो की मी परत येऊन ते ओढून बघतो. त्या दिवशी मास्तर चहा पीत असताना मी गुपचूप ती सीडी विकत घेतली आणि पिशवीत तळाशी ठेवली.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं नाव अभिनंदन. मी तेव्हा साखर कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायचो आणि उरलेल्या वेळात 'पायरी' लिहायचो. 'पायरी' म्हणजे कॉम्प्युटरवर संगीत रचायचा प्रोग्राम. त्यात गाणं पडद्यावर एस.टी.च्या वेळापत्रकासारखं ओळीखाली ओळ लिहायचं, आणि ते वरून खाली एकेक पायरी उतरत वाजायचं. वाद्यांचे आवाज रेकॉर्ड केलेले नसायचे. एक लहर दुसऱ्या लहरीला हलवते आणि त्या हलण्यातून आवाज घडतो, अशी ती पद्धत. चार लहरी, प्रत्येकीचे दहा-अकरा आकडे. एवढ्या बेचाळीस आकड्यांत अख्खी सनई.

प्रोग्राम फुकट होता. कुणीही घ्या, वाटा, बदला, असं मी वेबसाइटवर ठळक लिहून ठेवलं होतं.

रावसाहेब वाजंत्री हे आमच्या गावच्या रवळनाथ ब्रास बँडचे मास्तर. चौपन्न वर्षांचे, सनई घराण्यातली, शिक्षण सातवी. माझ्या लग्नात त्यांचाच बँड होता. माझं हे खूळ कुणाकडून तरी कळलं म्हणून एका रविवारी ते घरी आले, आणि 'पायरी'तली सनई ऐकून म्हणाले, "लेका, ही सनई न्हवं, सर्दी झालेली म्हस हाय." मग स्वतःच शिकले. मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांच्या घरी नेऊन बसवला. पुढची दोन वर्षं दर रविवारी मी पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे जायचो, त्यांनी केलेले नवे आवाज घ्यायचो आणि माझं नवं काम त्यांच्याकडे भरून द्यायचो. त्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं. 'पायरी'ची दुसरी आवृत्ती दिवाळीत काढायची, मास्तरांचे आवाज त्यांच्या नावानिशी त्यात द्यायचे, असं ठरलं होतं. तोवर ते आवाज जगात दोनच ठिकाणी होते, त्यांच्या घरी आणि माझ्या घरी.

आणि आता तिसरीकडे, पुण्याच्या कंपनीच्या सीडीवर. घरी आल्यावर मी ती उघडून आकडे ताडून पाहिले. बेचाळीसच्या बेचाळीस जुळले. मास्तरांचं नाव कुठंच नव्हतं.

"सरळ विचार की त्यांना," त्रिशला म्हणाली. माझी बायको शाळेत शिक्षिका. पोरांना सरळ विचारायचं आणि सरळ उत्तर घ्यायचं, ही तिची सवय.

"विचारलं तर सावध होतील."

"सावध व्हायला ते काय दरोडेखोर आहेत?"

मला आठवायला लागलं. गेल्या तीन महिन्यांत मास्तर दोनदा पुण्याला जाऊन आले होते. कशाला, विचारलं तर "जरा काम हुतं," एवढंच म्हणाले होते. मध्येच त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली होती आणि प्रत्येक आवाजाचे सगळे आकडे तिच्यात उतरवून ठेवायला लागले होते. एकदा विचारलंही होतं, "कुणी मागितलं तर ह्ये आकडे द्यायचं का रं?" तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नव्हतं. आवाज गेल्याचं मला एवढं वाईट वाटत नव्हतं. हा माणूस दर रविवारी माझ्यासमोर मांडी घालून बसतो, आणि माझ्या पाठीमागे हे करतो, याने मी आतून पेटलो होतो.

गणपती झाले, बँडचे कामाचे दिवस संपले, आणि पितृपंधरवड्यात मास्तर रिकामे झाले. त्यांनी नवा आवाज केला होता. सनईच्या जोडीत एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा नुसता एकच सूर धरून उभा असतो. तो धरलेला सूर. लांब, सरळ, कुठं वळण नाही. मास्तरांचे वडील आयुष्यभर तोच धरायचे.

त्या आवाजात मी खूण घातली.

त्याची चौथी लहर अगदी मंद होती, असून नसल्यासारखी. तिचा एक आकडा असतो, जो लहरीला सुरापासून केसभर बाजूला सरकवतो. तिथं शून्य होतं. मास्तरांच्या कॉम्प्युटरवर मूळ प्रत पुसून तिच्या जागी जी प्रत भरायची, तिच्यात मी तिथं एक केला. माझ्याकडच्या प्रतीत शून्यच ठेवलं. उद्या कंपनीने हा आवाज विकायला काढला आणि त्यात एक निघाला, की मास्तर सापडले. मी हेडफोन लावून दोन्ही प्रती पुन्हा पुन्हा ऐकल्या. फरक ऐकू येत नव्हता. मास्तर वहीशी आकडे ताडून बघणार हे मला माहीत होतं, म्हणून पडद्यावर त्या जागी शून्यच दिसेल अशी चार ओळींची तजवीजही मी प्रोग्राममध्ये करून ठेवली. काम चोख झालं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी प्रत भरून दिली. मास्तरांनी सूर लावला आणि पट्टी दाबून धरली. दहा-बारा सेकंदांत त्यांनी बोट उचललं.

"ह्ये थरथरायलंय."

"काय?"

"सूर. सरळ न्हाई. आत कायतरी थरथरायलंय. काय बदललंस व्हय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"परत ऐक." त्यांनी पुन्हा दाबली. मी ऐकलं. खरंच सांगतो, मला सरळच वाटला.

"सरळ आहे की मास्तर."

त्यांनी वही काढली. बोट ठेवून एकेक आकडा पडद्याशी ताडत गेले, पहिल्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत. मी शेजारी बसून बघत होतो. चौथ्या लहरीपाशी त्यांचं बोट आलं, वहीत शून्य, पडद्यावर शून्य, आणि पुढं गेलं.

"आकडे तर सगळे त्येच हायती," ते हळू आवाजात म्हणाले.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ यशवंत आलेला होता. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मास्तरांनी त्याला तो सूर चार वेळा ऐकवला.

"झ्याक हाय की दादा. थरथर कुठली?"

"तुला न्हाई ऐकू येत?"

"न्हाई बा."

मास्तरांनी स्वयंपाकघरातून वहिनींना, म्हणजे आपल्या बायकोला, बोलावलं. वहिनीही म्हणाल्या, चांगला आहे. आठवडाभर त्यांनी बँडमधल्या सगळ्यांना घरी आणून ऐकवलं होतं, म्हणे. एकालाही काही वेगळं वाटलं नव्हतं.

यशवंत गेल्यावर मास्तर माझ्याकडे वळले. "आमच्यात कान पन्नाशीनंतर जातो बग. आयुष्यभर कानाशी कर्णे आनि ढोल. माझ्या बापाचा असाच गेला. सूर धरून हुबा ऱ्हायलावता एका लग्नात, सूर उतरला तरी त्येला कळंना. लोकं हसाय लागली. मी शेजारी हुतो, अकरा वर्साचा. ज्येला सूर दिसत न्हाई त्येनं म्होरं हुबं ऱ्हाऊ ने, असं आमच्यात हाय. तुला शेवटचं इचारतो. तू कायसुदिक बदलल्यालं न्हाईस?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. खोटं नाही सांगत, तेव्हा माझ्या मनात दया नव्हती. मला वाटलं, यांना खूण सापडली आहे. चोराच्या मनात चांदणं. बापाची गोष्ट सांगून हे माझ्याकडून कबूल करून घेतायत, म्हणजे मग पुण्याला आवाज साफ करून पाठवता येईल.

"काही नाही बदललं, मास्तर," मी म्हणालो. "शपथ."

शपथ कुणी मागितली नव्हती. ती मी आपणहून घेतली.

तिसऱ्या रविवारी त्यांच्याकडे गेलो तर कॉम्प्युटरवर कापड झाकलेलं होतं. मास्तर मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. बारीक आवाज वयोमानाने थोडे कमी ऐकू येतात, असं त्यात लिहिलं होतं. चौपन्न वर्षांच्या कुठल्याही माणसाच्या कागदावर तेच लिहिलं असतं. पण मास्तरांना हवा होता तो पुरावा मिळाला होता.

"खंडेनवमीला यशवंताच्या हातात सनई देतो," ते म्हणाले. "बँडबी त्योच बघंल. तू दुसरा कुनीतरी बग बाबा, आवाज करायला. मला आता भरवसा न्हाई."

"मास्तर, एवढ्यात कशाला..."

"दिवसभर मनात त्योच सूर लावून बसतोय. मनात सरळ येतोय. बाहीर वाजला की थरथरतोय. डोकं फुटाय लागलंय लेका."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण कंपनीने अजून काही बाहेर काढलं नव्हतं, आणि सापळा लावून बसलेला माणूस सावज येण्याआधी उठत नाही. मी घरी आलो. त्रिशलेला यातलं काहीच सांगितलं नाही.

दसऱ्यानिमित्त कंपनीने वेबसाइटवर नवे टोन विकायला ठेवले. अष्टमीच्या संध्याकाळी मी ते घेतले. पाचव्या क्रमांकावर 'सनई-सूर' होता. मी तो उघडला आणि थेट चौथ्या लहरीवर गेलो.

शून्य होतं.

बाकीचे एकेचाळीस आकडे मास्तरांचेच. चौथ्या लहरीत मात्र शून्य. म्हणजे हा आवाज मास्तरांच्या घरून गेलेला नव्हता. शून्य असलेली प्रत फक्त माझ्याकडे होती; वहीवरून कुणी आकडे भरले असते तर फाइलवर माझ्या प्रतीचीच तारीख-वेळ आली नसती, आणि इथं ती होती.

मी खुर्चीत बसलो आणि मग सुचलं तसं माझीच वेबसाइट उघडून बघितली. दोन वर्षांपूर्वी एकदा माझा कॉम्प्युटर बंद पडला होता. केलेलं काम जाऊ नये म्हणून तेव्हा मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. रोज सात वाजता तो 'पायरी'चं अख्खं फोल्डर आपोआप वेबसाइटवर चढवायचा. तो लिहिला आणि मी विसरून गेलो. तो विसरला नव्हता. दोन वर्षं रोज सात वाजता मास्तरांचा प्रत्येक आवाज, अर्धा असो की पुरा, सगळ्या जगासमोर उघड्यावर पडत होता. वर माझ्याच हाताने लिहिलेलं, कुणीही घ्या. कंपनीने घेतलं. ती चोरीसुद्धा नव्हती. दुसऱ्यांची कुलुपं ओढून बघणाऱ्या माझ्या घराचं दार दोन वर्षं सताड उघडं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी लॅपटॉप घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. सोप्यात पाटावर सगळी वाद्यं मांडलेली होती. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ढोल, हलगी, त्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. मधोमध सनई. यशवंत नवा सदरा घालून बसला होता. आरती नुकतीच झाली होती.

"मास्तर, एक ऐका," मी म्हणालो.

"आता कशाला?"

"एकदाच. माझ्यासाठी."

मी दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या होत्या. मास्तरांना पाठ करून बसायला सांगितलं. ते वाद्यांकडे तोंड करून बसले. मी कधी ही, कधी ती, मनाला येईल तशी वाजवत गेलो.

"ह्यो थरथरतोय," मास्तर म्हणाले. "ह्यो न्हाई. ह्योबी न्हाई. ह्यो थरथरतोय. थरथरतोय. ह्यो सरळ."

मी दहा वेळा वाजवलं. दहाच्या दहा बरोबर आले.

"मला तर समदं एकच वाटतंय," यशवंत म्हणाला.

मास्तर वळले. "म्हंजे दोन हायती?"

"दोन आहेत. एका आकड्याचा फरक. चौथ्या लहरीत शून्याच्या जागी एक. मला ऐकू येत नाही. कुणालाच येत नाही. फक्त तुम्हाला येतो. तुमचा कान शाबूत आहे, मास्तर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. एवढे मोकळे हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. वहिनी दाराला धरून उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "ऐकलीस काय गं? शून्याच्या जागी एक! आनि मला त्यो ऐकू येतोय!" मास्तर उठून माझ्यापाशी आले आणि दोन्ही हात त्यांनी माझ्या खांद्यांवर ठेवले. "पोग्राममदी चूक ऱ्हायली असंल लेका तुझ्या. असूं दे. चुका हुत्यात."

'हो' म्हणालो असतो तर तिथंच संपलं असतं. ते वाट करून देत होते, मला फक्त त्या वाटेने जायचं होतं. पण त्यांचे हात माझ्या खांद्यांवर होते आणि मला ते सोसवेना.

"चूक नव्हती," मी म्हणालो. "मी मुद्दाम घातला."

सगळं सांगितलं. सीडी, खूण, पडद्यावरचं खोटं शून्य, शपथ, सात वाजता चालणारा माझा प्रोग्राम, सगळं. सांगता सांगता त्यांचे हात कधी खाली गेले मला कळलं नाही.

यशवंत उठून उभा राहिला होता. मास्तरांनी त्याला हाताने बसवलं.

"कोल्हापुरात ती सनई ऐकली तवा मला वाटलं, तूच दिलीस त्यास्नी," ते म्हणाले. "फुकट वाटायचं म्हणलावतास न्हवं? माझी सनई दुकानात वाजली म्हणून मला बरं वाटलं."

"आणि पुणं?"

विचारलं आणि जीभ चावली. त्याही क्षणी माझ्या तोंडून तेच निघालं होतं.

"थोरल्या पोरीसाठी स्थळ बघाय गेलतो. ठरलं न्हाई म्हणून कुणाला बोललो न्हाई." आवाज चढला नाही, शिवी आली नाही. "तीन आठवडं मी माझ्या कानावर संशय घेतला, अभिनंदन. मेलेल्या बापाच्या रगतावर घेतला. यशवंताच्या कानावर घेतला, डाक्टरवर घेतला. तुझ्यावर तेवढा घेतला न्हाई."

मला रडू आलं. माफ करा असं काहीतरी मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग पाटावरून सनई उचलली, झेंडूची माळ काढून बाजूला ठेवली, पत्ती ओठांत ओली केली आणि सूर लावला. यशवंताने क्लॅरिनेट घेतलं. दोघं भाऊ बराच वेळ वाजवत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मास्तरांनी आवाज परत मागितले नाहीत. "दिलं ते दिलं," एवढंच म्हणाले. दिवाळीत दुसरी आवृत्ती निघाली, त्यांच्या नावानिशी. आजही ती कुणीतरी कुठंतरी उतरवून घेत असतं.

त्या सकाळी निघायला उठलो तर मास्तर म्हणाले, "बसा. च्या घेऊन जावा." दोन वर्षं त्या घरात मी चुलीपाशी पाटावर बसून, वहिनी देतील त्या कपात चहा प्यायलो होतो. त्या दिवशी वहिनींनी चहा ट्रेमधून बाहेर आणला. कपाला बशी होती, शेजारी बिस्किटांची डिश, आणि पाण्याचा पेला झाकलेला होता. पाहुण्यांसाठी ठेवलेला तो कपबशीचा संच मी पहिल्यांदाच बघत होतो.